आमिल्कार काब्रालच्या हाती बंदूक कुणी दिली? गिनी-बिसाऊ, काबो व्हेर्दे आणि आपला गोवा

मांडवीकाठ

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो, म्हणजे विरोध करणाऱ्यांना सोपं जाईल. पोर्तुगीज गिनीत, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या आजच्या गिनी-बिसाऊत, मुक्तिलढ्याचा नेता आमिल्कार काब्राल याने बंदूक उचलली ती नाइलाजाने. ती उचलली नसती तर गिनी, काबो व्हेर्दे, मोझांबिक, अंगोला यांतला एकही देश १९७५ पर्यंत मोकळा झाला नसता, आणि खुद्द पोर्तुगालही तेव्हा हुकूमशाहीतून सुटला नसता.

आम्ही मूळचे डिचोलीचे. दरवर्षी १९ डिसेंबरला घरात १९६१ च्या गोष्टी निघतात आणि तिथेच संपतात. जणू गोव्याचा शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर वासालु इ सिल्वा याने शरणागतीच्या कागदावर सही केली आणि पोर्तुगीज साम्राज्य आटोपलं. ते आटोपलं नव्हतं. आफ्रिकेत ते पुढची तेरा वर्षं माणसं मारत होतं. यंदा भाचीने विचारलं, "आपल्याकडे सैन्य आलं म्हणून गोवा सुटला. आफ्रिकेत कुणाचं सैन्य आलं?" तिला उत्तर द्यायला बसलो आणि हा धागा झाला.

काब्रालचा जन्म १९२४ चा, गिनीतल्या बाफाताचा. आईवडील काबो व्हेर्देचे, म्हणजे अटलांटिकमधल्या पोर्तुगीज ताब्यातल्या बेटांवरचे. त्या बेटांवर १९४० च्या दशकात दोन भीषण दुष्काळ पडले, हजारो माणसं उपाशी मेली, आणि लिस्बनच्या सरकारने हात आखडता घेतला. त्यातला पहिला दुष्काळ काब्रालने बेटावर शिकत असताना डोळ्यांनी पाहिला. पुढे लिस्बनला जाऊन तो शेतीशास्त्र शिकला आणि सरकारी कृषी अधिकारी म्हणून गिनीत आला. १९५३ मध्ये वसाहतीची शेतीगणना त्याच्याकडे सोपवली गेली. गावोगाव फिरून भात किती, भुईमूग किती, जमीन कुणाची, राबतो कोण आणि खातो कोण, हे सगळं त्याने नोंदवलं. पगार पोर्तुगिजांचा, पण देश कळला तो काब्रालला. किनाऱ्याकडचे बालांता लोक आपल्या खाजनासारखेच बांध घालून खाऱ्या पाण्याच्या कडेला भात पिकवत. त्यांच्यात राजे-सरदार नव्हते, म्हणून पोर्तुगिजांना हाताशी धरायला कुणी सापडत नव्हतं. पूर्वेकडच्या फुला समाजात सरदारकी होती आणि बरेचसे सरदार पोर्तुगिजांच्या पदरी होते. लढ्यात आधी कोण उतरेल, कोण मागे राहील, याचा अंदाज त्याने याच फिरतीवर बांधला.

१९५६ मध्ये काब्रालचा पक्ष स्थापन झाला, पीएआयजीसी, म्हणजे गिनी आणि काबो व्हेर्देच्या स्वातंत्र्याचा आफ्रिकी पक्ष. सुरुवात शहरात, गोदी कामगारांमध्ये. ३ ऑगस्ट १९५९ ला बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर हे कामगार पगारवाढीसाठी संपावर गेले. पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि पन्नासच्या आसपास माणसं मेली. पुढच्या वर्षी १६ जूनला मोझांबिकच्या मुएडात लोक अधिकाऱ्याशी बोलायला जमले होते, तिथेही गोळीबार. तरीही १९६० मध्ये काब्रालच्या पक्षाने पोर्तुगीज सरकारला निवेदन दिलं, १९६१ मध्ये जाहीर पत्र लिहिलं. पदरी काही पडलं नाही. त्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये तिते इथल्या लष्करी ठाण्यावर हल्ला झाला आणि युद्ध सुरू झालं.

या तारखांशेजारी आपली एक तारीख ठेवा. १५ ऑगस्ट १९५५. गोव्याच्या सीमेवर हात वर करून निघालेले सत्याग्रही आणि समोरून गोळ्या. वीसहून अधिक माणसं गेली. तेच सरकार, पोर्तुगालचा तोच हुकूमशहा सालाझार. त्याच्या लेखी गोवा काय आणि गिनी काय, वसाहत नव्हतीच मुळी. १९५१ मध्ये कायदा करून त्याने सगळ्यांना पोर्तुगालचे 'सागरपार प्रांत' ठरवलं होतं. मग वाटाघाट करायची ती कशाची?

पुढचं थोडक्यात. पाच-सहा लाख वस्तीच्या गिनीत पोर्तुगिजांना तीस हजारांहून जास्त सैन्य ठेवावं लागलं. १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं पथक पक्षाने मुक्त केलेल्या प्रदेशात हिंडून आलं. २४ सप्टेंबर १९७३ ला मदिना दो बोए इथे पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं. गिनीत लढून थकलेले पोर्तुगीज कॅप्टन गुप्तपणे एकत्र येऊ लागले आणि २५ एप्रिल १९७४ ला त्यांनीच लिस्बनमधली राजवट उलथवली. काब्राल हे पाहायला नव्हता. २० जानेवारी १९७३ ला कोनाक्रीत, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या गिनी देशाच्या राजधानीत, त्याच्याच पक्षातल्या माणसाने त्याला गोळी घातली होती.

"ब्रिटिश गेले तसे हेही गेले असते" असं ज्यांना वाटतं त्यांनी जरूर लिहा. पण सालाझारच्या कुठल्या कृतीवरून तसं वाटतं, तेही सांगा.

सेवादलातला

मांडवीकाठ, मन लावून वाचलं. माझे वडील त्या पंधरा ऑगस्टला पत्रादेवीला होते. शेजारी चालणारा माणूस पडताना त्यांनी पाहिला. त्यामुळे सालाझार कसा होता हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, आणि सत्याग्रहापुढे तो पाघळला असता असं मी म्हणणारही नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही काब्रालच्या मृत्यूपाशी थांबलात. मी १९७४ च्या पुढे जातो.

काब्रालचा पक्ष एकच, नेते तेच, घोषणा त्याच, पण देश दोन झाले. गिनी-बिसाऊत अकरा वर्षं युद्ध झालं. काबो व्हेर्दे बेटांवर एकही लढाई झाली नाही. दोन्हीकडे एकाच पक्षाचं राज्य आलं. आता पुढचं बघा. काबो व्हेर्देत १९९१ मध्ये पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली, सत्ताधारी पक्ष हरला, पंधरा वर्षं अध्यक्ष असलेले आरिस्तिदेस परेरा हरले, आणि खुर्ची सोडून घरी गेले. पुढेही तिथे मतपेटीतूनच सत्ता बदलत राहिली.

आणि गिनी-बिसाऊ? १९८० मध्ये नीनु व्हिएराने लष्करी बंड करून काब्रालचा भाऊ लुईश काब्राल याला अध्यक्षपदावरून हटवलं. हा व्हिएरा मुक्तिलढ्यातला नावाजलेला सेनानी. १९९८ मध्ये त्याच्याच सेनापतीने त्याच्याविरुद्ध बंड केलं, राजधानीत तोफा चालल्या. २००३ मध्ये पुन्हा बंड. मार्च २००९ मध्ये लष्करप्रमुख बॉम्बने मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी सैनिकांनी व्हिएराला, तेव्हाच्या अध्यक्षाला, ठार केलं. २०१२ मध्ये निवडणुकीच्या दोन फेऱ्यांमध्ये आणखी एक बंड. २०१४ मध्ये निवडून आलेला अध्यक्ष हा पाच वर्षांची मुदत पुरी करणारा तिथला पहिलाच. स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाल्यावर!

बंदूक उचलताना नाइलाज होता, मान्य. पण नाइलाजाने उचललेली बंदूक खाली ठेवता येते का? गिनीच्या लोकांना ती अजून ठेवता आलेली नाही. पोर्तुगीज गेले हे यश मोजताना हाही खर्च त्याच वहीत लिहायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

रानवाट

अवांतर आहे, पण राहवत नाही. गोवा आणि पोर्तुगीज आफ्रिकेचा संबंध १९६१ च्या कितीतरी आधीचा आहे. १८९५ मध्ये मोझांबिकमध्ये गाझा राज्याच्या गुंगुन्याना राजाशी लढायला गोव्यातल्या पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांना पाठवायचं ठरलं. शिपायांनी जायला नकार दिला, हत्यारं घेऊन सत्तरीकडे निघून गेले, आणि तिथले सरदार राणे त्यांना मिळाले. राण्यांचं ते बंड असंच सुरू झालं. त्यांनी आफ्रिकेसाठी बंड केलं असं मी म्हणत नाही. घरदार सोडून समुद्रापार जायचं नव्हतं, भत्त्याची तक्रार होती, धर्माची अडचण होती. पण परक्याच्या राज्यासाठी तिसऱ्याच माणसाला मारायला जाणार नाही, असं सांगणारे आपले लोक तेव्हाही होते.

गुंगुन्याना त्याच वर्षाअखेर पकडला गेला. त्याला आझोर्स बेटांवर नेऊन ठेवलं आणि तिथेच १९०६ मध्ये तो वारला.

निशिगंधा

सेवादलातला काका, काबो व्हेर्देची तुलना वरवर बिनतोड वाटते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि माझे विद्यार्थीही हीच तुलना करतात. पण दोन गोष्टी सुटतात.

एक. बेटांवर लढाई झाली नाही याचं कारण तिथल्या लोकांनी शांततेचा मार्ग निवडला असं नाही. उघडी, कोरडी, खडकाळ बेटं. लपायला रान नाही, हत्यार उतरवायला शेजारचा देश नाही. बेटांवरही उठाव करायचा पक्षाचा विचार होता, तो जमला नाही. बेटावरची माणसं गिनीच्या रानात येऊन लढली आणि मेली. ५ जुलै १९७५ ला काबो व्हेर्दे स्वतंत्र झाला तो गिनीत सांडलेल्या रक्तावर. ज्याच्या वाट्याला युद्ध आलं नाही तो नीट राहिला हे खरं, पण त्याचं युद्ध शेजाऱ्याने लढलं होतं.

आणि बेटांवर शांतता होती असंही नाही. सांतियागु बेटावर तार्राफालची छावणी होती. १९३६ मध्ये सालाझारने ती आपल्याच देशातल्या विरोधकांसाठी उघडली, पुढे बंद केली, आणि १९६१ नंतर आफ्रिकी कैद्यांसाठी पुन्हा सुरू केली. अंगोला, गिनी, बेटं, सगळीकडचे कैदी तिथे होते. १ मे १९७४ ला तिचे दरवाजे उघडले.

दोन. दोन्ही देशांतला फरक युद्धाने पाडला की तो आधीपासून होता? पोर्तुगीज कायद्याने गिनी, अंगोला, मोझांबिकमधली जवळजवळ सगळी काळी माणसं 'एतद्देशीय' ठरवली होती. म्हणजे नागरिक नव्हे. त्यांना वेठीला धरता येई, कर भरला नाही तर रस्त्याच्या कामाला जुंपता येई, मोझांबिकात तर कापूस पिकवायची सक्ती होती. शिकून, पोर्तुगीज रीत उचलून 'सुधारलेला' असा शिक्का मिळवलेले एक टक्काही नव्हते. काबो व्हेर्देच्या लोकांना मात्र हा कायदा लागू नव्हता. तिथे एकोणिसाव्या शतकात सेमिनरी होती, १९१७ पासून मिंदेलोत सरकारी लिसेऊ (माध्यमिक शाळा) होतं, आणि तिथे शिकलेली माणसं गिनीत कारकून, पोस्टमास्तर, अधिकारी म्हणून पाठवली जात. १९७४ मध्ये एका देशाकडे कारभार चालवणारे लोक तयार होते, दुसऱ्याकडे जवळपास नव्हतेच. पुढच्या सगळ्या बंडांचं खापर बंदुकीवर फोडायचं, तर त्या आधीच्या साडेचारशे वर्षांचं काय करायचं?

सेवादलातला

निशिगंधाताई, शिक्षणाचा मुद्दा पटला. तो मी धरायला हवा होता.

पण मग मला कासाकाबद्दल बोलू द्या, कारण तुम्हाला ते ठाऊक असणारच. फेब्रुवारी १९६४. युद्ध सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं. दक्षिणेत कासाका इथे काब्रालने पक्षाची परिषद बोलावली. का? तर मुक्त झालेल्या भागात पक्षाचेच काही कमांडर संस्थानिक होऊन बसले होते. गावकऱ्यांना छळत होते, बायका पळवत होते, चेटकीण म्हणून माणसं मारत होते. काब्रालने त्यांच्यावर खटले चालवले. काहींना मृत्युदंड झाला. म्हणजे अवघ्या वर्षभरात ही अवस्था. "आपण हत्यारबंद कार्यकर्ते आहोत, लष्करवाले नव्हे" असं तो पुन्हा पुन्हा सांगत असे. इतक्यांदा सांगावं लागलं यातच आलं सगळं.

तो होता तोवर त्याने धरून ठेवलं. शेवटी त्याला मारलं ते पोर्तुगीज सैनिकाने नाही. इनोसेंसियु कानी, त्याच्याच नौदलाचा जुना कमांडर. पोर्तुगीज गुप्त पोलिसांनी आत माणसं पेरली होती, गिनीवाले आणि बेटांवरचे यांच्यातली तेढ त्यांनी वापरली, हे मी नाकारत नाही. पण तेढ होती. आणि हाताशी बंदुका होत्या.

स्वातंत्र्यानंतरचं आणखी एक दुःख. पोर्तुगिजांनी गिनीतल्याच काळ्या तरुणांच्या कमांडो तुकड्या उभ्या केल्या होत्या. पोर्तुगीज आपल्या देशी गेले, या पोरांना मागे टाकून. नव्या सरकारने त्यांच्यातल्या शेकडो जणांना गुपचूप गोळ्या घातल्या. १९८० च्या बंडानंतर त्या सामूहिक कबरी उघड झाल्या. ही माणसंही गिनीचीच होती.

आकडेमोड

मी तिसऱ्याच बाजूने विरोध करतो. बंदूक चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवा. बंदुकीने पोर्तुगाल हरला, हेच मला पूर्ण खरं वाटत नाही.

अंगोला ही पोर्तुगिजांची सर्वात श्रीमंत वसाहत. कॉफी, हिरे, तेल. तिथे ४ फेब्रुवारी १९६१ ला लुआंडाच्या तुरुंगावर हल्ला झाला, १५ मार्चला उत्तरेत मोठा उठाव झाला. आणि तेरा वर्षांनंतर, १९७४ मध्ये, लष्करी बाजूने बघितलं तर पोर्तुगीज तिथे वरचढ होते. तीन मुक्ती संघटना एकमेकींशी भांडत होत्या. मोझांबिकमध्ये उत्तर हातची गेली होती पण शहरं शाबूत होती. खऱ्या अर्थाने पोर्तुगीज हरत होते ते फक्त गिनीत, जिथून त्यांना कमाई जवळपास काहीच नव्हती.

मग राजवट पडली कशाने? तीन आघाड्यांवर दीड लाखाच्या आसपास सैनिक, सरकारी खर्चातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा युद्धावर, आणि देश युरोपातल्या गरिबांपैकी एक. सक्तीची सैनिकी टाळायला तरुण रात्री सीमा ओलांडून फ्रान्सला पळत. अधिकारी पुरेनात म्हणून जुलै १९७३ मध्ये सरकारने फर्मान काढलं की सक्तीच्या भरतीतून आलेल्यांना छोटा अभ्यासक्रम देऊन कायम अधिकारी करू. वर्षानुवर्षं लढलेल्या कॅप्टनांची ज्येष्ठता त्यात जाणार होती. त्यांची पहिली बैठक भरली ती या बढतीच्या तक्रारीवर. स्वातंत्र्य, लोकशाही हे नंतर आलं. आणि लिस्बनमध्ये २५ एप्रिलला त्यांनी जवळजवळ गोळी न झाडता राज्य घेतलं. त्या दिवशी जे चार लोक मेले ते गुप्त पोलिसांच्या गोळीने.

म्हणजे साम्राज्य आतून पोखरलं गेलं होतं. गनिमांनी ते हलवलं, पाडलं मात्र पोर्तुगिजांनीच.

मांडवीकाठ

आकडेमोड, तुमचे तपशील बरोबर आहेत, पण साखळी तुम्ही मधूनच धरलीत. अधिकारी का पुरेनात? युद्धामुळे. खर्च कशाचा? युद्धाचा. तरुण पळत होते कशापासून? त्याच युद्धापासून. बढतीचं फर्मान निघालं त्या वर्षी गिनीत काय चाललं होतं? पीएआयजीसीकडे खांद्यावरून सोडायची सोव्हिएत क्षेपणास्त्रं आली होती, पोर्तुगीज विमानं पडत होती, मे १९७३ मध्ये गिलेजेचं ठाणं सोडून सैन्याला पळावं लागलं. बंड करणाऱ्या कॅप्टनांपैकी कितीजण गिनीत होते बघा. २५ एप्रिलच्या कारवाईची सूत्रं हलवणारा ओतेलु गिनीत राहून आलेला. लिस्बनच्या चौकात रणगाडे घेऊन उभा राहिलेला साल्गेरु माया, तोही गिनीतून आलेला. त्याच गिनीचा गव्हर्नर राहून आलेल्या जनरल स्पिनोलाने फेब्रुवारी १९७४ मध्ये छापून सांगितलं की हे युद्ध लष्करी बळावर जिंकता येणार नाही.

गिनीतून कमाई नव्हती, बरोबर. तरी सालाझारने आणि त्याच्यामागून सत्तेवर आलेल्या काएतानुने ती सोडली नाही, कारण एक सोडली की अंगोला कशाच्या जोरावर ठेवणार? गोव्याच्या वेळी याच हट्टापायी सालाझारने वासालु इ सिल्वाला मरेपर्यंत लढायचा हुकूम दिला होता. त्याने तो मोडला आणि माणसं वाचवली, म्हणून परत गेल्यावर त्याला सैन्यातून काढलं. असल्या राजवटीशी बोलायला दार कुठे होतं?

काका, तुमच्या मुद्द्याकडे येतो, तो मला जास्त टोचतो. कासाका तुम्ही बंदुकीविरुद्धचा पुरावा म्हणून मांडलात. मी त्यात उलटं पाहतो. वर्षभराच्या आत, युद्ध ऐन भरात असताना, स्वतःच्याच जिंकणाऱ्या कमांडरांना लोकांसमोर उभं करणारे किती नेते तुम्हाला माहीत आहेत?

आणि एक विचारतो, राग मानू नका. आपण गोवा कसा घेतला? छत्तीस तासांत, पायदळ, नौदल, विमानं घेऊन. सत्याग्रहाने दार उघडलं नाही तेव्हा आपल्यामागे दिल्लीचं सैन्य होतं. गिनीच्या भातशेतकऱ्यामागे कोण होतं? आपण सरकारी बंदूक वापरून सुटलो आणि ज्यांना सरकारच नव्हतं त्यांना बंदूक उचलल्याबद्दल जाब विचारायचा, हे मला बरोबर वाटत नाही.

मापुतोकर

मी सहा वर्षं मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, नोकरीला होतो, म्हणून दोन शब्द.

मोझांबिकच्या झेंड्यावर बंदूक आहे. पुस्तक, कुदळ आणि त्यांवर संगीन लावलेली एके-४७. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बिचकलो. तिथल्या लोकांतही यावर एकमत नाही. २००५ मध्ये नवा झेंडा आणि नवं राजचिन्ह यांसाठी स्पर्धासुद्धा झाली, विरोधी पक्षाला बंदूक नको होती. झेंडा आहे तोच राहिला.

माझ्यासोबत काम करणारी एक बाई होती, वय पन्नाशीचं. तिला या बंदुकीबद्दल विचारलं तर म्हणाली, माझ्या वडलांनी ती चाईच्या बाजूला धरली (मोझांबिकचं युद्ध २५ सप्टेंबर १९६४ ला चाई इथून सुरू झालं), आणि माझा भाऊ त्याच जातीच्या बंदुकीने आमच्याच माणसांकडून मेला. तिने पुढे काही जोडलं नाही. मीही विचारलं नाही.

पण सेवादलातला, एक लक्षात घ्या. १९७७ ते १९९२ या तिथल्या यादवीत दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, आणि ती यादवी मुक्तिलढ्यातून आपोआप उगवली नाही. सरकारविरुद्ध लढणारी रेनामो ही संघटना उभी केली ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारच्या गुप्तहेर खात्याने. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचा झिंबाब्वे झाला तेव्हा ती दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने दत्तक घेतली. फ्रेलिमोने, म्हणजे मुक्तिलढा लढून सत्तेवर आलेल्या पक्षाने, खेड्यांवर सक्ती केली, पारंपरिक मुखियांना हटवलं, त्याचा रेनामोला फायदा झाला, हे तिथले लोकच सांगतात. तरी हत्यारं आणि पैसा बाहेरून आला.

गोव्याबद्दलही सांगतो. आपले लोक दोन्हीकडे होते. पोर्तुगिजांच्या कचेऱ्यांत, कस्टममध्ये, रेल्वेत कितीतरी गोवेकर, काळ्या माणसाच्या वरच्या पायरीवर बसलेले. आणि दुसरीकडे आकिनु द ब्रागांसा. गोव्यात जन्मलेला हा माणूस फ्रेलिमोचा मोठा आधार होता, नंतर मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्र चालवायचा. १९ ऑक्टोबर १९८६ ला दक्षिण आफ्रिकेतल्या म्बुझिनीला मोझांबिकचा अध्यक्ष सामोरा माशेल याचं विमान पडलं त्यात तोही गेला. गोव्याच्या मुक्तीची किंमत मोझांबिकमधल्या भारतीय व्यापाऱ्यांनीही मोजली. डिसेंबर १९६१ नंतर भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता जप्त केली आणि देशाबाहेर काढलं. माझा घरमालक त्यांच्यापैकीच एका कुटुंबातला होता. त्याचे आजोबा नेसत्या वस्त्रानिशी पोरबंदरला उतरले.

निशिगंधा

मापुतोकरांनी आकिनु द ब्रागांसाचं नाव काढलं म्हणून. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतल्या मुक्ती संघटनांची संयुक्त परिषद स्थापन झाली, तिच्यात गोव्याच्या संघटनाही होत्या. त्याच ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद भरला. तिथे आफ्रिकी नेत्यांनी भारताला आग्रह केला की गोव्याबाबत आता थांबू नका, त्याने आमचाही मार्ग मोकळा होईल. दोन महिन्यांनी सैन्य गेलं. म्हणजे बंदुकीचा हा प्रश्न आपला वेगळा आणि त्यांचा वेगळा असा तेव्हाही नव्हता. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे जानेवारी १९६९ मध्ये लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातून सुटले. गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली होती. त्याच तुरुंगातले राजकीय कैदी सुटले ते २५ एप्रिलच्या क्रांतीनंतर दोन दिवसांत.

सेवादलातला

मांडवीकाठ, राग कसला? प्रश्न रास्त आहे. वडील १९ डिसेंबरला झेंडावंदनाला जात, पण घरी येऊन दिवसभर गप्प असत. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, काम झालं हे चांगलंच, पण आम्ही ते करू शकलो नाही. तेव्हा दुसऱ्याला जाब विचारायचा अधिकार मला नाही, हे मान्य करतो. माझा जाब काब्रालला नाहीच. त्याच्यामागून आलेल्यांना आहे.

ताई, एक विचारू का? युद्धाच्या काळात मुक्त भागात शाळा होत्या असं वाचलं आहे. त्या खरंच चालत होत्या की कागदावर होत्या?

निशिगंधा

चालत होत्या, काका. दीडशेहून अधिक शाळा होत्या. झाडांखाली, गवताने शाकारलेल्या. बाँबफेक होई म्हणून एका जागी फार दिवस ठेवत नसत आणि मुलांना आधी खंदकात उतरायला शिकवत. पुस्तकं पक्षाने स्वतः लिहिली, स्वीडनमध्ये छापून आणली. मुलींना पाठवायला आईवडील तयार नसत, त्यांच्या घरी जाऊन बसावं लागे. लोकांची दुकानंही होती, भात दिलं की कापड, मीठ, साबण मिळे. तितिना सिला नावाची एक तरुण कार्यकर्ती होती. काब्रालच्या अंत्यविधीला जाताना, ३० जानेवारी १९७३ ला, फारिम नदी ओलांडताना पोर्तुगिजांच्या हल्ल्यात ती गेली. तो दिवस गिनी-बिसाऊत महिला दिन म्हणून पाळतात.

सेवादलातला

म्हणजे दीडशे शाळाही त्याच रानातून आल्या आणि सैन्यही. टिकलं ते सैन्य. माझी तक्रार कुठे आहे ते आता मलाच नीट कळलं.

मांडवीकाठ, भाचीला तितेचा हल्ला सांगाल तेव्हा कासाकाचा खटलाही सांगा. आणि त्या शाळांचंही.

मांडवीकाठ

सांगतो, काका. आणि तुमच्या वडलांचंही सांगितलं तर चालेल का?